काविळीचा काढा आणि शिकागोचे उंदीर

आमच्या सासरी काविळीचं औषध देतात. गडहिंग्लजच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, घर दाखवतील. दर रविवारी आणि गुरुवारी उजाडायच्या आत ओसरीवर माणसं येऊन बसलेली असतात. डोळे पिवळे झालेले, चेहरा उतरलेला, सोबत कुणीतरी नातेवाईक. सासूबाई एक मुळी सहाणेवर उगाळतात, ताकात कालवतात आणि उपाशीपोटी प्यायला देतात. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर औषधाचा गुण जातो. मुळी कसली ते सांगायचं नाही, सांगितलं तरी गुण जातो. बरं झालेला माणूस आठवणीनं नारळ आणून देतो. आमच्या घरी नारळ विकत आणल्याचं मला आठवत नाही.

मी फार्मसी कॉलेजात वनस्पतिजन्य औषधं शिकवते. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ती मुळी ओळखली होती. मी ओळखली हे सासूबाईंनीही ओळखलं. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही, आणि तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही.

२००५ साली शिकागोच्या एका विद्यापीठात दोन महिने पाहुणी म्हणून काम करायची संधी आली. काविळीवरच्या एका जुन्या चिनी काढ्याची चाचणी तिथं चालू होती. मला ती चाचणी शिकून घ्यायची होती. ती मुळी मी बरोबर न्यायला मागितली नाही. एक तर विमानतळावर असल्या वस्तू काढून घेतात. शिवाय सासूबाईंनी मी न विचारताच सांगून टाकलं होतं, ''समुद्र ओलांडला की गुण जातो.''

मी म्हटलं, ''आई, तुमच्या औषधाचा गुण सगळ्यानंच जातो. मग राहतो कशानं?''

''न बोलण्यानं,'' त्या म्हणाल्या, आणि माझ्या बॅगेत मेतकुटाचा डबा ठेवला.

डेव्हन ॲव्हेन्यू

माझी भाची मृणाल आणि तिचा नवरा समीर दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचं घर डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. अमेरिकेतल्या पहिल्याच सकाळी खाली उतरले तर समोर साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, कढीपत्त्याच्या जुड्या आणि गाडी लावायच्या जागेवरून हिंदीत चाललेलं भांडण. एवढा लांबचा प्रवास करून हे बघायचं होतं का, असं क्षणभर वाटलं. मग एका दुकानात ताजी मेथी मिळाली आणि माझा राग गेला.

''मावशी, तू फ्रीजमधलं सगळं फेकून दिलंस?'' संध्याकाळी मृणाल किंचाळली.

''सगळं नाही. ज्याला बुरशी आली होती ते.''

''ते चीज होतं गं! तसंच असतं ते! समीर, शी थ्रू अवे युअर ब्लू चीज, यार.''

समीर सभ्य मुलगा आहे. ''इट्स ओके, मावशी,'' म्हणाला, पण जेवताना गप्प होता.

त्यांची मुलगी इरा मला आजी म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. आमचं छान चाललं होतं. मी उंदरांवर काम करायला आले आहे हे कळल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, ''डू दे हॅव नेम्स?'' त्यांना नावं असतात का? नसतात, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही.

मला या शहरातली पहिली आवडलेली गोष्ट बसमध्ये दिसली. चाकाच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी थांब्यावर होती. ड्रायव्हरनं कसलंसं बटण दाबलं आणि अख्खी बस एका बाजूला खाली वाकली, उंटासारखी. आतून फळी बाहेर आली. ड्रायव्हर स्वतः उठला, खुर्ची आत घेतली, पट्ट्यानं बांधली. बसमध्ये कुणी च् च् केलं नाही की घड्याळ पाहिलं नाही. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं चालता येत नव्हतं. आम्ही त्यांना घराबाहेर काढायचंच सोडून दिलं होतं. मी ती बस नीट पाहून घेतली.

आणि ते सरोवर! मृणालनं ''लेक दाखवते'' म्हटल्यावर मी आपलं रंकाळ्याएवढं काहीतरी डोळ्यांसमोर आणलं होतं. प्रत्यक्षात पलीकडचा काठच दिसेना. लाटा येत होत्या. वाकून पाणी तोंडात घेतलं, तर गोडं.

''मावशी! ते पिऊ नकोस!''

''प्यायले नाही. चव बघितली.''

चव बघायची आणि वास घ्यायचा ही माझ्या धंद्यातली सवय आहे. वाळलेला पाला हातात आला की आधी नाकाशी जातो. या सवयीनं पुढं काय केलं ते सांगतेच.

प्रयोगशाळा

आमच्या प्रमुख डॉ. शू माझ्याच वयाच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. विद्यार्थी त्यांना सरळ नावानं ''हेलन'' म्हणून हाक मारायचे. मला शेवटपर्यंत ते जमलं नाही. मी त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि त्या मला ''शायला''. शैला म्हणायला त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, मग दोघींनी नाद सोडला.

काढ्यात तीन वनस्पती होत्या. नावं चिनी असली तरी तिन्ही आमच्या ओळखीच्या निघाल्या. एक दवण्याच्या कुळातली, दुसरं अनंताच्या फुलझाडाच्या जातीचं फळ, आणि तिसरी रेवाचिनी, जिच्या नावातच चीन आहे. काढा पिढ्यान् पिढ्या काविळीवर देतात. प्रश्न एवढाच होता की त्यानं यकृत खरंच सुधारतं का.

चाचणी सांगायला सोपी आहे. पांढऱ्या उंदरांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं आणि पॅरासिटॅमॉलचा मोठा डोस द्यायचा. आपण तापावर घेतो तीच गोळी, पण त्या मापानं दिली की यकृताची नासाडी होते. काही उंदरांना काढा विषाच्या आधी द्यायचा, काहींना नंतर. आणि काही पिंजरे असे ठेवायचे की ज्यांना काढा नाहीच, काढ्यासारखं दिसणारं साखर करपवलेलं पाणी. मग रक्त तपासायचं, यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

पण उंदराला हात लावायच्या आधी मला अभ्यासक्रम करावा लागला, परीक्षा द्यावी लागली. इतके उंदीर का हवेत, कमी का चालणार नाहीत, त्यांना दुखेल तेव्हा काय करणार, हे सगळं एका समितीपुढं मांडून परवानगी घेतलेली होती. आमच्या कॉलेजातही समिती आहे. ती चहाला जमते. इथं समितीतल्या एका बाईंनी, ज्या शास्त्रज्ञ नव्हत्या, शेजारच्या शाळेत शिकवायच्या, डॉ. शूंना तीनदा परत पाठवलं होतं. हे डॉ. शूंनी मला तक्रार म्हणून नाही, कौतुकानं सांगितलं.

त्याहून नवल वाटलं ते सोमवारच्या बैठकीचं. ब्रायन नावाचा एक विद्यार्थी होता, टोपी उलटी घालणारा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ''हेलन, मला वाटतं हा भाग कच्चा आहे. काढा विषाच्या आधी दिला आणि फरक पडला, तर काढा यकृत वाचवतो असं कशावरून? कदाचित तो त्या गोळीचं शरीरात विषच होऊ देत नसेल.''

मी जीव मुठीत धरून बसले. आमच्याकडे विभागप्रमुखांना कुणी असं म्हणालं असतं तर त्याचा प्रबंध जागच्या जागी संपला असता. डॉ. शूंनी ते वहीत लिहून घेतलं. ''बरोबर आहे,'' म्हणाल्या. ''ते वेगळं तपासावं लागेल. तूच मांड कसं करायचं ते.'' आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं, हाच काढा का निवडला? त्यांनी काड्यांनी भात खाणं थांबवलं नाही.

''माझे वडील देतात तो,'' त्या म्हणाल्या. ''चायनाटाउनमध्ये त्यांचं औषधांचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक आचारी आला, डोळे पिवळे. बाबांनी काढा दिला. तो आठवडेच्या आठवडे पीत राहिला. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. इस्पितळात आणला तेव्हा अगदी शेवटची वेळ होती. वाचला, पण कसा ते विचारू नकोस.''

''वडील काय म्हणाले?''

''म्हणाले, एक चुकला, पण हजार बरे झाले. मी म्हटलं, हजार कशानं बरे झाले ते तुम्हाला माहीत नाही. तेव्हापासून आमचं जेवणही धड होत नाही. शेवटी एक ठरलं. काढा चाचणीत उतरला तर मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही उतरला, तर पिवळ्या डोळ्यांच्या माणसाला ते आधी रक्त तपासायला पाठवतील, मगच औषध.''

''आणि तुम्हाला काय वाटतं? उतरेल?''

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ''मी लहान असताना मला कावीळ झाली होती. हाच काढा प्यायले आहे मी. मला काय वाटतं त्याला काडीची किंमत नाही, शायला. म्हणून तर उंदीर.''

चायनाटाउन

पहिल्याच रविवारी त्यांनी मला वडिलांकडे नेलं. रस्त्यावर लाल खांबांची कमान, खिडक्यांत टांगलेली भाजकी बदकं, आणि दुकानात पाऊल टाकताच तो वास! वाळलेली मुळं, साली, सुंठ, थोडी बुरशी, थोडा कापूर. आमच्या बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात डोळे मिटून उभं राहावं तसं वाटलं. भिंतभर छोटे छोटे लाकडी खण. एकावरही नाव नाही. थोरले शू न बघता हात मागं नेऊन हवा तो खण ओढत होते.

त्यांनी माझ्याकडे बघून चिनीत काहीतरी म्हटलं.

''जीभ दाखवा म्हणतायत,'' डॉ. शू म्हणाल्या.

मी दाखवली. त्यांनी नाडी पाहिली, दोन्ही हातांची, बराच वेळ.

''तुम्ही फार भरभर जेवता,'' ते इंग्रजीत म्हणाले.

''मी नोकरी करते,'' मी म्हटलं.

म्हातारा खो खो हसला. मग आमचं जमलं. आमच्या घरीही काविळीचं औषध देतात हे ऐकून तर त्यांनी मला स्टुलावरच बसवलं.

''किती घेता?''

''काही नाही. पैसे घेतले तर गुण जातो.''

ते मुलीकडे वळले. ''बघ! आणि मी पैसे घेतो, दुकानाचं भाडं भरतो, तरी माझ्या औषधाला गुण आहे!'' मग माझ्याकडे. ''आणि ही हिची परीक्षा उंदरांवर. आम्ही माणूस बघून औषध देतो. दोन माणसांना एकच काढा कधी देत नाही. उंदीर जीभ दाखवतो का?''

''बाबा, कावीळ झालेल्या सगळ्यांना तुम्ही हेच तीन खण उघडता. मी लहानपणापासून बघत आले आहे,'' डॉ. शू म्हणाल्या.

''माप वेगळं असतं!''

दुकानामागच्या खोलीत आम्ही जेवलो. भाताची घट्ट पेज, बरोबर शेंगदाणे, लोणचं घातलेली पालेभाजी. आजारी माणसाला आमच्याकडेही हेच देतात, असं मी सांगितल्यावर म्हाताऱ्यानं आणखी एक पळी वाढली. मग कोंबडीचे पाय आले, नखांसकट, चकचकीत. आपली पाहुणी आता काय करते म्हणून बापलेक दोघंही बघत होते. मी कोल्हापूरकडची आहे. पायाचा रस्सा आम्हाला नवा नाही. मी हाडं चोखून ताटलीत रचून ठेवली. त्यानंतर माझ्याशी बोलताना त्यांनी मुलीचं भाषांतर घेणं बंद केलं.

निघताना ते दारापर्यंत आले आणि मला हळूच म्हणाले, ''ती हुशार आहे. पण तिला वाटतं मी घाबरतो.''

''घाबरता का?''

त्यांनी खणांच्या भिंतीकडे पाहिलं. ''माझ्या वडिलांचं दुकान आहे हे,'' म्हणाले.

निळ्या झाकणाची बाटली

नंतरच्या आठवड्यात बाटल्या आल्या. काही लाल झाकणाच्या, काही निळ्या. एकीत काढा, एकीत करपवलेल्या साखरेचं पाणी. कुठलीत काय, ते फक्त वरच्या मजल्यावरच्या एका कारकून बाईंना ठाऊक. काम करणाऱ्यांनी ते जाणून घ्यायचं नसतं. जाणलं की डोळा आपल्याला हवं तेच बघतो. मी हे विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

बाटल्या टेबलावर होत्या. डॉ. शू, ब्रायन आणि बाकी सगळे कॉफी घेऊन उभे होते. मी एका निळ्या बाटलीचं झाकण उघडलं आणि नाकाशी नेलं.

दवणा! चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. डोंगरावरच्या गर्दीत पायाखाली तुडवला जातो आणि वास घरी येईपर्यंत कपड्यांतून जात नाही. शिकागोत, परक्या माणसांत, तो वास असा अचानक समोर आला आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यांदा सांगून टाकलं, ''निळ्या झाकणात काढा आहे! लालमध्ये नुसती साखर!''

ब्रायननं टोपी काढून हातात घेतली.

डॉ. शूंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. ''शायला,'' त्या शांतपणे म्हणाल्या, ''आता या खोलीतल्या कुणालाच निकाल वाचता येणार नाही. मला धरून.''

मला वाटलं, आता आवाज चढेल. चढला नाही. त्यांनी बाटल्या मोरीत ओतायला सांगितल्या. उंदरांना अजून काही दिलं नव्हतं, हे नशीब. काढा पुन्हा करायचा, सगळं आठवडाभर पुढं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वाढत्या वयात चारचौघांत चूक होण्याचा सराव आपल्याला नसतो.

थोड्या वेळानं त्या माझ्या टेबलाशी आल्या. ''एक सांग. तुला वास आला, म्हणजे आमच्या दोन बाटल्या सारख्या नव्हत्याच. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. आता तूच करून दे सारख्या.''

मग ते काम माझ्याकडे आलं. साखर किती करपवायची, कडवटपणा कशानं आणायचा, आणि शेवटी दोन्हींत पेपरमिंटच्या तेलाचा थेंब. त्यापुढं दवण्याचं काही चालेना. नव्या बाटल्या, नवी झाकणं, नवी खूण. ब्रायननं माझ्या नाकाची परीक्षा घेतली, पुन्हा पुन्हा. मी चुकत राहिले आणि दर चुकीला तो टाळ्या वाजवत होता. चुकल्याबद्दल टाळ्या मला आयुष्यात तिथंच मिळाल्या.

घरी मृणालला सांगितलं तर ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. ''म्हणजे तू एक्सपरिमेंट कॅन्सल केलंस, मावशी? सेकंड वीकमध्येच?''

''पुढं ढकललं,'' मी म्हटलं. ''आणि ते ब्लू चीज परत आणू नकोस.''

निकाल

ऑक्टोबर उतरणीला लागला तशी शिकागोची झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली. सगळे त्यांचे फोटो काढत होते. मीही काढले. पण खरं सांगायचं तर दिवसभर यकृताचे काप बघून डोळे इतके दमायचे की पानं बघायचं त्राण नसायचं. कुठला काप कुठल्या पिंजऱ्यातला, मला ठाऊक नव्हतं. फार बरं वाटायचं. आपल्याला काय हवं आहे याचा विचारच करायला नको. दिसेल ते लिहायचं.

खूण उघडायच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई पाकीट घेऊन आल्या. डॉ. शूंनी ते ब्रायनकडे दिलं. त्यानं आकडे फळ्यावर मांडले.

विषाच्या आधी काढा मिळालेल्या उंदरांची यकृतं पुष्कळ चांगली राहिली होती, पण ती कशानं, हा ब्रायनचा प्रश्न उभाच होता. विषानंतर काढा मिळालेल्यांत आणि साखरेच्या पाण्यावाल्यांत काहीच फरक नव्हता, आणि काविळीचा माणूस काढा प्यायला येतो तो नंतरच. आणि ज्यांचे काप काढले नव्हते असे दोन्ही प्रकारच्या पिंजऱ्यांतले उरलेले उंदीर काही दिवसांत आपोआप बरे होऊन पिंजऱ्यात हुंदडत होते. यकृत स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं. काढा घेऊनही, न घेताही.

मी त्या साखरेच्या पाण्याच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. चकचकीत डोळ्यांचे, टुणटुणीत उंदीर. यांच्यातला प्रत्येक जण माणूस असता तर नारळ घेऊन आमच्या ओसरीवर आला असता. आणि सासूबाईंनी तो देवापुढं ठेवला असता. जे बरे झाले नाहीत ते कुठं नारळ घेऊन येतात? आमच्या घरात तीन पिढ्या नारळ येत आहेत. हा पिंजरा मात्र आम्ही कधी ठेवलेला नाही.

''डोस कमी पडला असेल,'' ब्रायन म्हणाला. त्याला डॉ. शूंसाठी वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ''उंदराची कावीळ वेगळी, माणसाची वेगळी.''

''असेल,'' डॉ. शू म्हणाल्या. ''सगळं तपासू. पण आज जे आलंय ते हे आहे.'' त्यांनी कोट घातला, बटणं लावली. ''रविवारी बाबांना सांगायला हवं. शायला, तू येशील?''

पुन्हा चायनाटाउन

थोरल्या शूंनी सगळं ऐकून घेतलं. पेज निवत होती.

''म्हणजे आधी प्यायला तर उपयोग, नंतर नाही,'' शेवटी ते म्हणाले.

''उंदरांत. आत्तापुरतं,'' डॉ. शू म्हणाल्या.

''मग लोकांनी आजारी पडायच्या आधी यायला हवं. हे तर मी जन्मभर सांगतोय.''

मला हसू आलं. डॉ. शू हसल्या नाहीत. त्यांनी बापाच्या हातावर हात ठेवला, आणि म्हाताऱ्यानं तो काढला नाही.

तेवढ्यात दुकानाची घंटी वाजली. रविवार त्यांचा काविळीचा दिवस, आमच्यासारखाच. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून आत आली होती. दारातल्या उजेडातही त्याच्या डोळ्यांचा रंग कळत होता. थोरले शू बाहेर गेले. आम्ही पडद्याआडून बघत होतो. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही नाड्या पाहिल्या. हात न बघता मागं गेला आणि पहिला खण बाहेर आला. दवण्याचा वास माझ्यापर्यंत पोचला.

खण तसाच अर्धा उघडा राहिला. डॉ. शूंचा श्वास मला ऐकू येत होता.

म्हाताऱ्यानं खण आत सारला. बाईला चिनीत काहीतरी सांगितलं. बाई चिडली, हात हलवत भराभर बोलायला लागली.

डॉ. शू कुजबुजल्या, ''बाबा म्हणतायत, आधी रक्त तपासून या. ती म्हणतेय, तुमच्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना कधी रक्त विचारलं नव्हतं.''

म्हातारा बधला नाही. इस्पितळाचा पत्ता त्यांनी स्वतः लिहून दिला आणि नवऱ्याला दारापर्यंत सोडलं. परत येऊन बसले, पेजेचा वाडगा पुढं ओढला.

''तुझ्या उंदरांनी माझं गिऱ्हाईक घालवलं,'' मुलीला म्हणाले. ''पेज गरम कर.''

ती उठली. वाडगा घेऊन गेली आणि चुलीपाशी बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी अमेरिकेत उंच इमारती पाहिल्या, समुद्रासारखं तळं पाहिलं, वाकणारी बस पाहिली. अर्ध्यावरून परत गेलेला तो खण त्या सगळ्यांच्या वर आहे.

गडहिंग्लज

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. ओसरीवर माणसं होती. सगळे गेल्यावर सासूबाई सहाण धुवत होत्या, तेव्हा त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. खडा अडकलेला आचारी, दोन बाटल्या, नारळ न आणणारी माणसं. निळ्या झाकणाचंही सांगितलं. त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

''रक्त तपासून आलेल्यालाच द्यायचं म्हणतेस?''

''हो. सरकारी दवाखान्यात होतं.''

''ते बरं आहे. गेल्या साली चंदगडचा एक आला होता. पुन्हा आला नाही.'' त्यांनी सहाण भिंतीला टेकवून ठेवली. ''पण ते साखरेचं पाणी माणसांना मी देणार नाही हं. आशेनं आलेल्याच्या हातात खोटी वाटी? माझ्यानं होणार नाही.''

''माणसांना नाहीच. उंदरांना. आमच्या कॉलेजात.''

त्या उठून परसात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. मातीसकट मुळी माझ्यासमोर ठेवली. या घराबाहेर ती पहिल्यांदाच जाणार होती.

''उपाशीपोटी द्यायची,'' त्या म्हणाल्या.

''उंदीर उपाशीच ठेवतात, आई. शिकागोतही.''

''मग शहाणे आहेत ते.''

मी त्यांना पुढचं समजावलं. वाट्या त्यांनीच भरायच्या, इथं घरी. एकीत मुळी, एकीत नुसतं ताक, दिसायला आणि वासाला अगदी सारखं करून. वर खुणेची दोरी बांधायची. कुठल्या दोरीत काय, ते मला कळता कामा नये. मी विचारलं, ओरडले, रुसले, तरी शेवटपर्यंत सांगायचं नाही. आणि हेच सगळ्यात अवघड असतं, असंही मी म्हटलं, शिकवायची सवय ना.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

''न सांगणं अवघड?'' त्या म्हणाल्या. ''शैला, मी या घरात दुसरं केलंय काय?''